पहिला अळणी घास

जरा डोळे मिटा आणि मी सांगतो ते समोर आणा. एक लहानसं स्वयंपाकघर आहे. गॅसवर एवढं थोरलं पातेलं चढवलंय, की तुमच्यातलं एखादं पोर त्यात मांडी घालून बसेल. पातेल्यापुढे एक उंच, किडकिडीत माणूस उभा आहे. त्याच्या हातांत गोल गरगरीत लाल भोपळा आहे, आणि लांब वाकडा देठ काठाला अडत असल्याने तो भोपळा काही केल्या पातेल्यात शिरत नाहीये. दिसतंय ना? आता दाराला टेकून हसणारी त्याची थोरली बहीणही तिथे उभी करा. पातेलं तिचं आहे, खालच्या मजल्यावरून आणलेलं.

"पाहुणीला भोपळा वाढतोयस?" ती म्हणाली. "तो परीक्षेत मिळतो रे."

"अक्का, हसून झालं असेल तर सुरी दे."

त्याने देठ थोडा छाटला आणि भोपळा पातेल्यात टेकवला. अक्का हसत हसत खाली आपल्या घरी गेली. भोपळ्याच्या पोटात भात होता, गाजर होतं, वाटाणे, परतलेला कांदा आणि भाजलेले शेंगदाणे होते. वरची चकती पुन्हा टोपीसारखी बसवलेली होती. महिना सरत आला होता, आणि थोडक्या पैशांत थाट करायचा तर याहून मोठा थाट त्याला सुचला नव्हता. हा असा अख्खा भोपळा टेबलावर यावा, टोपी उचलावी आणि आतून वाफेचा लोट निघावा, एवढं त्याने मनाशी ठरवलं होतं.

हा माणूस एका मोठ्या रुग्णालयात आचारी होता, तोही पथ्याच्या विभागात. रोज दोन-अडीचशे माणसांचं बिनमिठाचं जेवण तो रांधायचा. रोगी नावं ठेवायचे, पण प्रेमाने. त्याला सगळे अळणीमामा म्हणत. घरात मात्र त्याला एकच हाक होती, बाबा. ती मारणारी एकच होती, त्याची मुलगी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचं नाव पडलं होतं भिंगरी.

आता तुम्हाला या घरातली एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भिंगरीची आई किडनीच्या दुखण्याने दोन वर्षं अंथरुणाला होती. तिला मीठ बंद होतं. ताटात अळणी भाजी बघून ती एकदा नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दिवसापासून बाबाने घरातला सगळाच स्वयंपाक बिनमिठाचा सुरू केला. तिघंही तेच जेवत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आईच्या ते लक्षात आलं, आणि ती रागावली. पोरीच्या तोंडची चव कशाला घालवता, म्हणाली. मग तिनेच तोडगा काढला. पहिला घास सगळ्यांनी तिच्यासोबत अळणी खायचा, नंतर ज्याने त्याने आपापलं मीठ घ्यायचं. त्यासाठी टेबलावर एक निळा प्लास्टिकचा डबा आला. त्याचं झाकण तडकलं, तेव्हा तिने त्याला आपल्या केसांचं रबर गुंडाळलं.

आई गेली. डबा राहिला, रबरही राहिलं, आणि रीतही राहिली. बाबा अजूनही भांड्यात मीठ घालत नसे. पहिला घास अळणी, मग डब्याकडे हात. दोघं त्याबद्दल कधी बोलत नसत. आपण श्वास घेतो त्याबद्दल कुठे बोलतो?

आणि आता पाहुणी. ती शहर बसमध्ये कंडक्टर होती. पहाटेच्या पहिल्या बसने आचारी कामावर जायचा, आणि इतक्या पहाटे बसमध्ये दोघा-तिघांहून जास्त माणसं नसत. आधी हवापाण्याच्या गोष्टी झाल्या, मग गुडघेदुखीच्या, मग तिच्या गेलेल्या नवऱ्याच्या आणि याच्या गेलेल्या बायकोच्या. पावसाळा आणि हिवाळा असाच गेला. मग एका सकाळी उतरताना, घंटी वाजून गेल्यावर, पायरीवरून तो म्हणाला, "रविवारी जेवायला येता का?" बस हलली. ती दारातून ओरडली, "पत्ता कोण सांगणार?" दुसऱ्या दिवशी त्याने पत्ता सांगितला.

भिंगरीला हे कळलं तेव्हा ती काही म्हणाली नाही. तिचं काही न म्हणणं बाबाला चांगलं ओळखता येत होतं. त्याला त्या बाईंनी पुन्हा पुन्हा यावं असं वाटत होतं, आणि पोरीने तोंड फिरवलं तर तो त्यांना दुसऱ्यांदा बोलावणार नव्हता. हेही त्याचं ठरलेलं होतं. म्हणून त्या संध्याकाळी त्याचा सगळा जीव भोपळ्यात कमी आणि भिंगरीच्या चेहऱ्यात जास्त होता.

"टेबल जरा मोकळं कर गं," तो म्हणाला. "आणि तो डबा उचल. मीठ आज काचेच्या वाटीत काढू, बरं दिसेल."

भिंगरीने डबा उचलला. घट्ट छातीशी धरून ती आतल्या खोलीत गेली आणि हात हलवत परत आली. वाटीत मीठ काढायचं बाबा विसरला, कारण तेवढ्यात पातेल्यात भोपळा एका अंगावर कलला आणि दारावर टकटक झाली. दोनदा, लागोपाठ, बस सोडायची घंटी देतात तशी.

कंडक्टरबाई बुटक्या आणि रुंद होत्या, आणि त्यांचा आवाज मागच्या सीटपर्यंत पोचायच्या सवयीचा होता. घरात आल्यावर त्यांनी तो खाली आणला, तरी पेले थरथरले. भिंगरीसाठी त्यांनी संपलेल्या तिकीट-रोलांच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणल्या होत्या, पिशवीभर. याची दुर्बीण होते, त्या म्हणाल्या. भिंगरीने मान डोलावली आणि पिशवी खुर्चीखाली ठेवली.

भोपळा टेबलावर आला. बाबाने टोपी उचलली. वाफेचा लोट निघाला, अगदी मनात होता तसा, आणि बाई खुर्चीत थोड्या मागे सरल्या.

"अहो आचारी, हे एवढं माझ्यासाठी? मला वाटलं दोन पोळ्या आणि भाजी असेल."

बाबा लाजला. त्याने वाढलं. तिघांनी पहिला घास घेतला. मग बाबाचा हात सवयीने टेबलाच्या मधोमध गेला आणि तिथेच थांबला.

तिथे डबा नव्हता. वाटीही नव्हती. आणि घरातलं सगळं मीठ त्या डब्यातच होतं.

पाहुणीला पहिल्याच जेवणाला त्याने अळणी भात वाढला होता. अळणीमामा. मीठ मागावं तर ते भातात का नाही हे सांगावं लागणार, म्हणजे बायकोची गोष्ट आली, रबर आलं, सगळंच आलं. कोणत्या बाईला पहिल्या जेवणात ते ऐकायला आवडेल? त्याने हळूच भिंगरीकडे पाहिलं. भिंगरी ताटात बघत होती.

"डबा कुठे ठेवलास गं?" त्याने दबल्या आवाजात विचारलं.

"मला काय माहीत," भिंगरी म्हणाली. मुलांनो, हे खोटं होतं. डबा तिच्या पुस्तकांच्या मागे होता, आणि तो तिथेच राहावा असं तिला वाटत होतं. त्या डब्यातलं मीठ परक्या माणसाने घेतलेलं तिला बघवलं नसतं.

इकडे बाई जेवत होत्या. खाली मान घालून नव्हे, मजेत. त्यांनी भोपळ्याचा गर चमच्याने खरवडला, गाजर बाजूला काढून शेवटी खाल्लं, मध्येच आपल्या बोकडासाठी तिकीट मागणाऱ्या एका प्रवाशाची गोष्ट सांगितली. ताट रिकामं झालं तेव्हा त्यांनी ते पुढे केलं.

"थोडा अजून वाढा."

बाबाला राहवेना. त्याने डाव खाली ठेवला.

"बाई, भातात मीठ नाहीये."

"ते कळलं मला," त्या म्हणाल्या. "जीभ आहे ना तोंडात. म्हटलं, दवाखान्यातला माणूस, माझं वय बघून पथ्यावर ठेवलं असेल. पाहुण्याने कशाला नाक खुपसायचं?"

बाबाला हसू आलं, आणि त्या हसण्यातच त्याने सगळं सांगून टाकलं. भिंतीकडे केलेलं तोंड, पहिला घास, निळा डबा, रबर. पहिल्यांदाच तो हे कुणाला सांगत होता, आणि सांगताना त्याला जाणवलं की आपला आवाज कापत नाहीये. भिंगरी चमचा धरून तशीच बसली होती. बाबा हे सगळं मोठ्याने सांगू शकतो हे तिला माहीतच नव्हतं.

बाईंनी रिकाम्या ताटाकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही एक घास जेवलात त्यांच्यासोबत," त्या हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो, हे कुणाला खरं वाटलं नसतं. "मी पानभर जेवले. वाढा आता, थांबू नका. आहे तसंच वाढा."

बाबाने वाढलं. छातीवरचं ओझं कुणीतरी उतरवून जमिनीवर ठेवावं तसं त्याला वाटत होतं. आता भिंगरी काहीही म्हणो, निदान लपवायचं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. भिंगरी उठून आत गेली होती. आतून पुस्तकं पडल्याचा आवाज आला. बाबा उठायला लागला, पण बाईंनी हातानेच त्याला बसवलं, घाईत उतरू पाहणाऱ्या प्रवाशाला बसवावं तसं.

भिंगरी परत आली ती डबा घेऊन. तिने रबर काढून आपल्या मनगटात घातलं, झाकण उघडलं, आणि कुणाकडे न बघता आधी बाईंच्या भातावर चिमूटभर मीठ पेरलं. मग बाबाच्या. मग स्वतःच्या ताटाशी येऊन तिने भाताचा एक कोपरा चमच्याने बाजूला सारला, उरलेल्यावर मीठ टाकलं, आणि आधी तो अळणी कोपरा खाल्ला.