पुढे म्हणजे कुठे

जुनी डिझेल रेलकार म्हणजे एकच डबा, पोटात इंजिन आणि दोन्ही टोकांना ड्रायव्हरची केबिन. थोडक्यात, गाडीला दोन तोंडं आणि पाठ एकही नाही.

रेल्वे संग्रहालयाच्या शेडमध्ये निवृत्त ड्रायव्हर काका आणि त्यांचा फिटर पुतण्या यांनी ती घासूनपुसून उभी केली. गिअरबॉक्स बसवताना काका एका केबिनमधून म्हणाले, "तोंड पुढे ठेव." दुसऱ्या टोकाला गाडीखाली आडव्या पडलेल्या पुतण्याने ते स्वतःच्या पुढे ठेवलं. मागे जायचा गिअर तर त्याने बसवलाच नाही. "मागे कुणाला जायचंय?" तो म्हणाला होता, आणि काकांना ते पटलंही होतं.

आयुष्यभर काकांनी जगाला फिरवलं, काकूंना कधीच नाही. आजची पहिली फेरी त्यांच्यासाठी होती. काकू समोरच्या फलाटावर उभ्या होत्या. काकांनी टोपी नीट केली, दांडा ओढला आणि गाडी मागे निघाली.

"अहो, इकडे," काकू म्हणाल्या.

"येतोय," काका लहान होत होत म्हणाले.

पुतण्याने धावत खिडकी गाठली. "काका, ब्रेक मारा."

"मारतो. थांबेल. पण परत कशी आणू?"

पुतण्या नुसता गाडीबरोबर चालत राहिला. मागून काकूंचा आवाज आला.

"जाऊ दे रे. नोकरीभर यांची पाठच बघितली. आज निदान जाताना तोंड तरी दिसतंय."