फक्त उभी राहा

"तू फक्त उभी राहा," म्हस्के सर म्हणाले. "कोपऱ्यात. बाकी काही करायचं नाही."

अल्मासनं मान वर केली नाही. ती बाकावर बसून बुटाची बांधलेली नाडी सोडून परत बांधत होती. आज ती खेळणार नव्हती. पाण्याच्या बाटल्या सांभाळायला आली होती. तरी बूट घालून आली होती.

"सर, डॉक्टर नऊ महिने म्हणालेत. आत्ता सातवा चाललाय."

"मी पळ म्हणतोय का? पाच पोरी लाइनीवर दिसल्या तरच मॅच चालू होते. एकदा चालू झाली की पाहिजे तर बस खाली. चौघी खेळतील."

"यामिनी?"

"तिला बघायला पाव्हणे आलेत. सकाळपासून फोन बंद." सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. "तिच्या बापाला काल म्हणलं, एक दिवस पुढं ढकला. तर म्हणतो, सर, बास्केटबॉलवर संसार चालतो का!"

सहाजणींची टीम. त्यात अल्मासचा गुडघा गेला, उरल्या पाच. पाचातली एक आज पोह्यांची ताटली घेऊन कुणापुढं तरी खाली मान घालून उभी. कॉलेजात पोरी होत्या ढीगभर, पण बास्केटबॉलला पोरगी मिळवणं म्हणजे आधी आईला समजावा, मग बापाला, मग चुलत्याला, आणि एवढं करून ती हाफ पँट घालणार नाही. श्रीगोंद्याच्या त्या कॉलेजाला कमान मोठी होती. राखीव खेळाडू नव्हती.

सविता येऊन शेजारी बसली. कॅप्टन. हिचं शेवटचं वर्ष.

"आल्मे, जबरदस्ती न्हाई हां."

"तू ज्या तोंडानं न्हाई म्हणतीस ना सवे, त्या तोंडातनं मला व्हय ऐकू यायलंय."

सविता हसली नाही. तिनं नुसतं मंडपाकडं बघितलं. पुढच्या रांगेतल्या सोफ्यावर विद्यापीठाच्या टीमसाठी पोरी निवडायला आलेली बाई बसली होती. मॅच झालीच नाही तर ती बाई चहा पिऊन निघून जाणार, आणि सविता पाच वर्षं खेळली काय आणि नाही खेळली काय. ती बाई सविताला बघणार होती ते या एकाच मॅचला.

"अब्बांना विचारून येते," अल्मास उठली.

अब्बा लांब नव्हते. त्याच मंडपाच्या मागं होते. अब्बा, म्हणजे अब्दुल, एका डेकोरेटर्सवाल्या मालकाकडं कामाला होते. मंडप घालायचा, सोडायचा, टेम्पोत भरायचा. हा मंडपही काल त्यांनीच घातला होता. आणि मागच्या वर्षीचाही.

मागच्या वर्षीचं सांगायला पाहिजे. संस्थेच्या अध्यक्षांची एकसष्टी होती. सगळ्या कॉलेजात सपाट, धूळ नसलेली जागा एकच, बास्केटबॉल कोर्ट. आपल्याकडं मैदान असतं ते सत्कारासाठी; खेळ उरलेल्या दिवसांत. प्राचार्य म्हणाले, कोर्ट रिकामंच असतं, तिथंच घाला. सिमेंट फोडून खुंट्या ठोकल्या. अध्यक्षांवर फुलं पडली, भाषणं झाली, फेटे परत गेले. खुंट्या उपटल्या आणि भोकं राहिली. कॉलेज म्हणालं, मंडपवाला बुजवील. मंडपवाला म्हणाला, कॉलेज बुजवील. शेवटी शिपायानं भोकांत माती कोंबून वर पाय दाबला. महिन्याभरात माती खाली बसली.

अल्मास पळत येऊन रिंगखाली ले-अप टाकायला उडाली आणि डावा पाय नेमका त्यातल्या एका भोकात उतरला. पाय तिथंच राहिला, बाकीची अल्मास वळली. आवाज सगळ्यांनी ऐकला. ओली काठी मोडल्यासारखा.

कॉलेजच्या कागदावर लिहिलं गेलं, सरावात पाय मुरगळला. भोकाचा उल्लेख नाही. भोकाला कुठं सही करता येते! भोकं मात्र त्यानंतर गुपचूप सिमेंटनं बुजली.

ते भोक कुणाच्या पहारीचं, हे अल्मासला ठाऊक होतं. अब्दुलनाही ठाऊक होतं. नगरला ऑपरेशन झालं, मांडीमागची शीर काढून गुडघ्यात बसवली, अम्मीनं मंडपाच्या उरलेल्या कापडाची पिशवी शिवून त्यात वाळू भरली आणि ती पायाला बांधून अल्मास रोज पाय उचलत राहिली. नमाजाला बसता येईना, तर अब्दुलनी मालकाकडची एक प्लास्टिकची खुर्ची घरी आणून ठेवली. विसाव्या वर्षी अल्मास खुर्चीवर नमाज पढू लागली, गल्लीतल्या म्हाताऱ्यांसारखी. भोकाबद्दल घरात एक शब्द कुणी काढला नाही.

अब्दुल दोरी आवळत होते. आवळलेलीच दोरी.

"अब्बा, एक पोरगी कमी पडतीय. सर म्हणतात, नुसतं उभं राहायचं."

त्यांनी दोरीचा पीळ बघितला. "तुला काय वाटतं?"

"सविताचं शेवटचं वर्ष हाय."

"सविताचं न्हाई विचारलं मी."

तिला काय वाटत होतं ते तिला सांगता येण्यासारखं नव्हतं. सात महिने पायाच्या तळव्याला खाज सुटावी तसं होत होतं. जेवायला बसली तरी टाच हलायची. झोपेत लाथ मारते म्हणून धाकटी बहीण इन्शा दुसरीकडं झोपायला लागली होती.

"उभी राहा," अब्दुल म्हणाले. "पन खांबासारखी. हलायचं न्हाई. खाओ कसम."

"अब्बा, कसम कशाला!"

"बरं, नको खाऊ. जा."

अकोले तालुक्याची टीम समोर होती. डोंगरातल्या पोरी, काटक, पिंढऱ्या दगडासारख्या. शिट्टी झाली, चेंडू वर गेला, आणि अल्मास आपल्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. सगळा खेळ समोरून गेला, परत आला, परत गेला. ती तिथंच. सरांनी लांबून हातानं खूण केली, बस हवं तर. तिनं बघितलंच नाही.

अकोलेवाल्यांना कळायला वेळ लागला नाही. तिच्यावर ठेवलेली सात नंबरची पोरगी आधी दोन पावलं लांब गेली, मग चार, मग सरळ सविताच्या अंगावर. आता सविताला दोघी चिकटल्या. तिला हात उचलता येईना. सोफ्यावरच्या बाईनं बिस्किट बुडवलं.

भिंतीवर बसलेल्या पोरांतून एक ओरडला, "ए, त्यो खांब काढा की मदला! मंडपातला राह्यला काय?"

हशा पिकला. मंडपामागं दोरी आवळणारे हात थांबले असतील की नाही, अल्मासला दिसलं नाही. तिनं तिकडं बघायचं टाळलं.

रागानं तिचे कान तापले. त्या पोराचा राग नव्हता एवढा. भिंतीवर बसणाऱ्यांना तोंड असतंच. राग सात नंबरचा होता, जी तिच्याकडं पाठ करून उभी होती. अल्मासला पूर्वी दोघी-दोघी धरायच्या. नगरच्या मैदानावर एकीनं तिचा टी-शर्ट ओढून फाडला होता, तो तिनं अजून टाकला नव्हता. आणि आज पाठ. माणूस तिथं नाहीच, अशी पाठ.

तिनं हात वर केले. "सवे! सवे!"

सवितानं बघितलं, मान हलवली. नाही.

"दे की गं!"

दोघींच्या काखेखालून चेंडू आला. सात महिन्यांनी चेंडू हातात आला, आणि त्याच्या दाण्यांवर बोटं आपोआप आपापल्या जागी गेली. अल्मासनं जागेवरूनच फेकला. गुडघे न वाकवता. आणि चेंडू रिंगला शिवलाच नाही, हातभर आधीच खाली पडला.

भिंतीवर शिट्ट्या. "खांबानं बॉल टाकला रे!"

बघणाऱ्याला वाटतं चेंडू हातानं टाकतात. चेंडू गुडघ्यानं टाकतात. हात नुसता दिशा दाखवतो. अल्मासला हे ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि भर मैदानात चेंडू असा मेल्यासारखा पडलेला बघणं वेगळं.

पुढच्या वेळी ती कोपरा सोडून दोन पावलं आत आली.

"अल्मास! हलू नको!" म्हस्के सर ओरडले. सात महिन्यांत पहिल्यांदा सरांना तिच्या गुडघ्याची काळजी वाटली होती, तीही ऑफिसला उत्तर द्यावं लागेल म्हणून.

चेंडू आला. तिनं थोडे गुडघे वाकवले, अगदी थोडे, खुर्चीवर बसता-बसता उठल्यासारखे, आणि सोडला. जाळी हलली.

भिंत गप्प झाली. सविता उलटी पळता-पळता ओरडली, "हाय की गं जित्ती!"

परत आला. परत गेला आत. तिसरा बोर्डाला लागून. सोफ्यावरच्या बाईनं कप खाली ठेवला. आणि मग अकोल्याच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "सात! तिला धर! तिला धर म्हणते ना!"

सात नंबर आली. समोर उभी राहिली, हात पसरून, गुडघ्यात वाकून, डोळे अल्मासच्या पोटावर लावून, जसं धरायचं असतं तसं. तिच्या घामाचा वास आला. अल्मासला वाटलं, आता पाहिजे तर मॅच इथंच संपली तरी चालेल.

पण मॅच संपत नाही. सविता मोकळी झाली होती, तिनं दोन बास्केट केले, मग अकोल्यानं केले, मग गुण बरोबरीत आले. आणि शेवटी-शेवटी चेंडू परत अल्मासकडं आला. सात नंबर अंगावर धावली आणि धावता-धावता जराशी अल्मासच्या डावीकडं कलली. उजवीकडची वाट उघडी पडली. रिंगपर्यंत रिकामी. दार उघडून कुणी बाजूला व्हावं तशी.

उजवीकडं जायचं तर जोर डाव्या पायावर.

तिचं सगळं अंग त्या वाटेनं गेलं. खांदा गेला, नजर गेली. पाय तिथंच राहिला. तिनं खाली बघितलं. सिमेंट होतं, सपाट, अखंड. भोक नव्हतं. तरी तिनं बघितलं. चेंडू छातीशी धरून ती उभी, आणि पंचाचा हात एक-एक करत हलत होता. सविता हाका मारत होती, त्या पाण्याखालून आल्यासारख्या. मग शिट्टी. समोर धरणारी असताना चेंडू घेऊन पाच सेकंद कुणी उभं राहिलं की चेंडू समोरच्यांचा. नियम आहे.

तो चेंडू अकोल्यानं नेला आणि मॅचही नेली.

हात मिळवायच्या रांगेत सात नंबर थांबली. "का थांबलीस? उजवीकडं सगळं मोकळं व्हतं."

"दिसलं मला."

"मी मुद्दाम न्हवतं ठिवलं. पाय घसरला माझा." तिनं अल्मासच्या गुडघ्यावरच्या लांब वणाकडं बघितलं, मग तोंडाकडं. "पुढच्या टायमाला न्हाई घसरायचा. ध्यानात ठिव."

दया दाखवली असती तर अल्मासनं तिला तिथंच काहीतरी सुनावलं असतं. तिनं हात घट्ट दाबला.

सोफ्यावरच्या बाईनं सविताला बोलावून घेतलं. लांबून दिसत होतं, सविता मान हलवतीय, हसतीय, ओढणी नसताना खांद्यावरची ओढणी सारखी करतीय. म्हस्के सरांनी जाता-जाता अल्मासच्या डोक्यावर टपली मारली. "बघ, म्हणलं होतं ना, काही होत नाही." आणि प्राचार्यांच्या गाडीकडं पळाले.

गुडघा सुजायला लागला होता. फार नाही. किती आणि कशानं, ते डॉक्टर सांगणार होते. पुढच्या वर्षी ती खेळेल का, ते डॉक्टरलाही सांगता येणार नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा मंडप खाली आला होता. कापडं टेम्पोत गेली होती. अब्दुल खुंट्या उपटत होते. या खेपेला त्या कोर्टाच्या रेघेबाहेर ठोकल्या होत्या, पण सिमेंटातच. प्रत्येक खुंटी निघाली की खाली काळं भोक. त्यांनी टेम्पोतून घमेलं काढलं, सिमेंटची अर्धी पिशवी काढली. मालकानं दिलेली नव्हती. घरून आणलेली.

"पानी वत," ते म्हणाले.

अल्मासला खाली बसता येत नव्हतं. तिनं उभ्यानंच पाण्याचा मग तिरका केला. अब्दुलनी माल कालवला, पहिल्या भोकात खडी दाबली, वर थापीनं सारखं केलं. मग हातानं. मग परत थापीनं.

"मागच्या टायमाला मालक म्हनला, कालेज बुजवंल," ते खाली बघूनच म्हणाले.

मगातलं पाणी संपलं होतं. अल्मास नळावर गेली, आधी लंगडत, नंतर लंगडणं लपवत, आणि भरलेला मग घेऊन आली.

"हितं पुरं का?"

"अजून थोडं. बास. बास म्हनलं ना, शिरखुर्मा करायचाय का?"

दोघंही हसली नाहीत, पण हसण्याच्या जवळ आली.

शेवटचं भोक बुजलं. अब्दुल उठले, पँटला हात पुसले. "याच्यावर कुणी पाय द्यायला नको."

"किती दिवस?"

"वाळस्तवर."

त्यांनी टेम्पोतून प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या आणि प्रत्येक ओल्या जागेवर एक-एक मांडली. रिकाम्या कोर्टाच्या कडेला खुर्च्या, लांब-लांब, कुणी बसलेलं नाही. उद्या मालक खुर्च्या मोजून ओरडणार होता. ओरडू दे.

शेवटची खुर्ची त्यांनी अल्मासजवळ मांडली, खुर्चीचे पाय जमिनीवर नीट टेकलेत का ते हलवून बघितलं.

"बस जरा. सुजलाय."

अल्मासनं खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. डावी टाच वर-खाली होत होती, आपोआप. समोर कोर्ट होतं, आणि उजवीकडची ती वाट, अजून तशीच मोकळी.

ती बसली नाही.