आधी अंडी, मग पंखे

मी एक बॅटरी बोलतेय. शपथेवर सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. फक्त एक जागा सोडून. बरं, दोन धरा.

तरुणपणी मी मालवाहू रिक्षा ओढली. दम कमी पडू लागला तेव्हा वायरमननं मला गल्लीच्या टोकाच्या खोलीत आणून बसवलं. गच्च्यांवरचे सोलर पॅनल दिवसभर मला भरवायचे, म्हणजे बसल्या जागी पेन्शन.

परवाच्या वादळात मोठी लाइन तुटली. सकाळी लख्ख ऊन पडलं, तरी पॅनल गप्प. त्यांचं असंच असतं: तारेत आधी कुणाची तरी वीज हवी, मगच ते आपली मिसळणार. म्हणजे पहिलं पाऊल माझं. आणि ढगाळ दिवसांनी माझं पोट जेमतेम भरलेलं.

समोरच्या मावशीच्या उबवणी यंत्रात अंडी होती, त्याच दिवशी फुटायची. यंत्राला पांघरूण गुंडाळून ती दारात आली. "अरे, गार पडतायत."

वायरमननं आधी मोठ्या लाइनचा खटका पाडला, तिकडे तारा जोडणाऱ्यांना झटका बसू नये म्हणून. मग ओरडला, "घरातली बटणं बंद करा. आधी अंडी, मग पंखे."

"केली," गल्ली म्हणाली.

मी जीव एकवटून धावले आणि दाणकन आपटले. सगळं बंद. घाबरले मात्र मुळीच नाही.

"कुणी काय चालू ठेवलंय?" वायरमननं विचारलं.

त्याची बायकोच म्हणाली, "अहो, पाण्याची मोटर तेवढी. लाइट आली की कळायला नको?"

"तू पण?"

"मी पण म्हणजे? सगळेच ठेवतात. विचारा."

खरंच, प्रत्येकानं कळावं म्हणून एकेक बटण ठेवलेलं. कुणाचा पंखा, कुणाची इस्त्री.

आता माझ्यात एकाच खेपेपुरता जोर उरला होता. वायरमनच्या बायकोनंच फर्मान काढलं, "मावशीचा सोडून सगळे मेन स्विच पाडा आणि रस्त्यावर या. आत कुणी राहायचं नाही." सगळी गल्ली उन्हात येऊन उभी राहिली.

मी निघाले. यंत्राचा दिवा लागला, टिकला. थोड्या वेळानं शेजारची गच्ची जागी झाली, मग पलीकडची, आणि वीज उलटी माझ्याकडेच धावत आली. मग एकेका घराला हाक: "हं, आता तुमचा पंखा."

दुपारी पहिलं पिल्लू फुटलं. मावशीनं ते ओंजळीत आणून माझ्या झाकणावर ठेवलं. म्हणाली, "बघ, ही तुझी आई."

तर, त्या दोन जागा. घाबरले होते, चांगलीच. आणि मावशी पिल्लू घेऊन माझ्याकडे आलीच नाही. पिल्लांतून तिला सवड कुठली.

कुणी तिकडून जाणार असाल तर तिला सांगा, झाकण अजून कोमट आहे.