माझ्या पायावरची लाल टेप

मी एक जुना फ्लॅश आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी पक्का भित्रा आहे. हसू नका! उजेड पाडणाऱ्याला कसली आलीय भीती, असं म्हणाल तुम्ही. अंधाराला मी नाही घाबरत. टेबलावरून पडायला जरासा घाबरतो. पण सगळ्यात जास्त घाबरतो ते माझ्या स्वतःच्याच पायाला.

हो, मला पाय आहे. एकच. चपटा, आणि त्याच्या मधोमध टिकलीएवढा धातूचा ठिपका. या पायानेच मी कॅमेऱ्याच्या डोक्यावर चढून बसायचो. खाली कॅमेऱ्याचं बटण दाबलं की ठिपक्यातून मला निरोप यायचा आणि फटकन उजेड!

कारखान्यात लांबलचक टेबलावर बायका आम्हाला जोडत होत्या. एकीने माझ्या पोटात एक गोल डबी बसवली आणि शेजारणीला म्हणाली, "याच्या पोटात वीज साठते बरं का. बोट घालशील तर जन्मभर आठवण काढशील." दोघी खुदकन हसल्या. मी मात्र तेव्हापासून स्वतःला बिचकून आहे.

पण सुरुवातीची वर्षं छान गेली हं! शाळाशाळांतून वर्गाचे फोटो काढणारे एक फोटोग्राफर होते, त्यांच्याकडे मी कामाला लागलो. "डोळे मिटू नका रे," ते ओरडायचे, आणि पहिल्या रांगेतला एक तरी हमखास मिटायचाच. तेव्हाचे कॅमेरे म्हणजे लोखंडाचे पैलवान. माझ्या पायातून जेवढी वीज जायची तेवढी ते ढेकर देऊन पचवायचे. फोटोग्राफर मला रुमालाने पुसायचे, कुणीही विचारलं तरी सांगायचे, "याने मला कधी दगा दिला नाही." मी फुशारून जायचो.

मग ते थकले. मला एका खोक्यात घालून कपाटावर ठेवलं आणि पोटातले सेल काढायला विसरले. मित्रांनो, ते सेल माझ्या आतच फुटले. हिरवट, आंबूस काहीतरी झिरपत राहिलं, माझ्या आतल्या धातूच्या पट्ट्या खात राहिलं. ओरडावं तर तोंड नाही. वाटायचं, आता आतून पोखरूनच मरणार.

कुणीतरी ते खोकं मोडीत काढलं आणि मी एका दुरुस्तीच्या दुकानात आलो. तिथल्या काकांनी माझं पोट कापसाने पुसलं, पट्ट्या घासल्या, नवे सेल घातले, आणि मी चक्क शिटी वाजवली! ईईईई अशी. पोटात वीज भरताना मी तशी वाजवतोच. मग काकांनी मीटरच्या दोन तारा माझ्या पायाला लावल्या. काटा असा उसळला की काकांनी चष्मा वर केला.

"अगं, हे बघ," त्यांनी काकूंना हाक मारली. "पायात अडीचशे व्होल्ट! हा हल्लीच्या नाजूक कॅमेऱ्यावर बसला ना, तर कॅमेरा जागच्या जागी खलास."

"मग फेकून द्या की," काकू म्हणाल्या.

"फेकायचा कशाला? उजेड चांगला देतो बिचारा. फक्त याचा पाय कुणाला लागू द्यायचा नाही." आणि त्यांनी माझ्या पायावर लाल टेप गुंडाळली. घट्ट, दोन पदरी.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी काय करू शकतो ते. मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, पण माझ्या इच्छेला विचारतंय कोण? ती टेप म्हणजे माझा जीव की प्राण झाली.

आता ऐका पुढे. एक दिवस काका आजारी पडले आणि गल्ल्यावर त्यांचे जावई बसले. नेमक्या त्याच दिवशी दुकानात दोघीजणी आल्या. एक चिमटी. तिला सगळे चिमटीच म्हणतात, कारण किडे, बिया, पिसं असलं काहीबाही उचलायला तिच्या खिशात कायम चिमटा असतो. दुसरी तिची मैत्रीण टकळी. तिला टकळी का म्हणतात ते सांगायला नको, तुम्हीच ऐका.

"हे बघ, मॅक्रोला, म्हणजे मुंगी पानभर मोठी दाखवायची तर मोठा फ्लॅश नकोच. मुंगीला काय स्टेडियमचे दिवे लागतात? कॅमेऱ्यापासून लांब, बाजूला धरता आला पाहिजे आणि त्याचा जोर कमी करता आला पाहिजे, बास!"

"आणि खिशाला परवडला पाहिजे," चिमटी म्हणाली.

"ते तर सगळ्यात आधी!"

काचेच्या कपाटात एक नवाकोरा फ्लॅश ऐटीत बसला होता. त्याच्या किमतीची चिठ्ठी वाचून दोघी अशा मागे सरकल्या, जणू काही त्याने फूत्कारच टाकला. मग त्यांनी एक गोल दिवा बघितला. स्वस्त होता, पण टकळीने नाक मुरडलं. "याचा उजेड सतत असतो गं, पण मंद. किडा जरा हलला की फोटोत नुसता धूर. फ्लॅश कसा, डोळ्याचं पातं लवायच्या आत काम करून मोकळा!"

मग चिमटीचा हात माझ्यावर आला. "ए, याला मागे चकती आहे! पूर्ण, अर्धा, पाव."

"आणि पायाला टेप का हो?" टकळीने विचारलं.

सांगा, सांगा ना, मी मनातल्या मनात ओरडत होतो. जावई हसले. "सासऱ्यांना सवय आहे. घरी रिमोटलासुद्धा टेप लावतात. न्या, चालतो मस्त."

झालं! अशा रीतीने मी चिमटीच्या पिशवीत पडलो.

चिमटीच्या घरी खिडकीत लिंबाचं झाड होतं कुंडीत. त्याच्या एका पानाखाली कुठल्याशा ढेकणासारख्या किड्याने अंडी घातली होती. छोटी छोटी पिंपंच जणू, वर गोल झाकणं. त्या सकाळी झाकणांखाली लाल ठिपके दिसायला लागले होते. डोळे! म्हणजे पिल्लं आजच बाहेर येणार. चिमटी आठवडाभर खिडकीला चिकटून होती. पण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या चिमुकल्या फ्लॅशने फोटो काढला की लांबड्या लेन्सची सावली बरोबर अंड्यांवर पडायची. म्हणून तर मला आणलं होतं.

आणि कॅमेरा? कॅमेरा तिचा नव्हता. तो होता तिच्या मामाचा. मामा ओळखपत्रांचे फोटो काढतो, त्याच्याकडे तो एकच कॅमेरा, त्याच्यावरच त्याचं घर चालतं. त्या दिवशी त्याच्या दुकानाला सुट्टी म्हणून त्याने तो भाचीला दिला होता. देताना म्हणाला होता, "हे बघ चिमटे, माझा डोळा काढून देतोय तुला. सांभाळ. उद्या सकाळी गिऱ्हाईक येणार."

टेबलावर तो कॅमेरा माझ्या शेजारी ठेवला होता. काळा, गुळगुळीत, आतून सगळा नाजूक. मला त्याच्याकडे बघवेना.

"आधी कॅमेऱ्यावर लावून उडतोय का बघू," टकळी म्हणाली. "मग लांबून जोडायला वायर आणू."

आणि चिमटीने नखाने माझी टेप खरवडायला घेतली.

मित्रांनो, काय सांगू! एक पदर निघाला. दुसरा निघाला. माझा पाय उघडा पडला आणि मला थंडी वाजली. तिने सेल घातले. नको, नको म्हणत होतो, पण पोट ऐकतंय होय? ईईईई, शिटी वाजायला लागली, मागचा लाल दिवा पेटला. मी गच्च भरलो. तिने मला उचललं आणि माझा पाय कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत सरकवला.

आता मामाचं काय होणार? उद्या गिऱ्हाईक येईल, मामा बटण दाबेल आणि आतून चूंसुद्धा होणार नाही. हे सगळं माझ्यामुळे. पाय पुढे सरकला. अजून थोडा. ठिपक्याला ठिपका भिडायला केसाएवढं अंतर राहिलं आणि…

अडकला!

"का जात नाही हा?" चिमटीने जोर लावला. मी जीव मुठीत धरून बसलो. मला मूठ नाही, तरी धरून बसलो.

"थांब, तोडशील मामाचा कॅमेरा! टेपचा गोंद राहिलाय खाली," टकळी म्हणाली.

मला बाहेर काढलं. काकांची टेप गेली होती, पण तिचा चिकट गोंद माझ्या पायाला बिलगून बसला होता. मी सुटकेचा श्वास घेणार, एवढ्यात चिमटीने अंगठा जिभेला लावून ओला केला आणि गोंद पुसायला माझ्या पायावरून जोरात फिरवला.

"आई गं!"

फाडकन तिचा हात उडाला. मी टेबलावर आपटलो, तिथून खाली फरशीवर. कोपरा चेपला माझा, पण त्याचं काही नाही. चिमटी अंगठा धरून रडवेली झाली होती. ज्या पोरीने मला दुकानातून निवडलं, तिलाच मी डसलो! कॅमेऱ्याची भीती होती, आणि घाव बसला माणसाला. मला वाटलं, आता ही मला खिडकीतून भिरकावणार. भिरकावावंच.

"दाखव, दाखव! भाजलंय का?" टकळीचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"नाही. मुंग्या आल्यात हाताला." चिमटी कॅमेऱ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "टकळे, मला एवढा झटका बसला… याला बसला असता तर?"

  मग चिमटीने फोन लावला आणि मामाला सगळं खरं खरं सांगून टाकलं.

पलीकडून मामाचा आवाज आला.  "तू बरी आहेस ना? आधी ते सांग."

"बरी आहे, मामा."

"फ्लॅशच्या पायावर काही लावलेलं होतं का?"

"लाल टेप होती. मी काढली."

"अगं शहाणे, कुणीतरी मुद्दाम लावली असणार ती! वायरने जोडलास तरी तेच झालं असतं. कशाला हात लावू नकोस. सेल काढायच्याही भानगडीत पडू नकोस. मी येतो."

मामा आला तो दम लागलेला. आधी त्याने भाचीचा अंगठा उलटसुलट करून बघितला, आणि मग कॅमेरा. कॅमेऱ्याने क्लिक केलं तेव्हा त्याने डोळे मिटले क्षणभर. मग एका डबीतून त्याने बोराएवढा जुना प्लॅस्टिकचा तुकडा काढला. "हा डोळा. याला कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा उजेड दिसला की हा तुझ्या म्हाताऱ्याला उडवतो. जुन्याला जुनाच सोबती. वायर नको, कॅमेऱ्याला शिवायला नको. लांबूनच काम."

लांबूनच! अहो, एवढं सोपं होतं!

डोळा माझ्या पायाला जोडला. समोर आइस्क्रीमच्या डब्याचं पांढरं झाकण बांधलं, उजेड मऊ व्हावा म्हणून. चकती पाववर. चिमटीने मला पानाच्या बाजूला धरलं.  पहिल्यांदा मी घाईत आधीच उडालो, फोटो काळाकुट्ट. "कॅमेऱ्याचा फ्लॅश दोनदा लुकलुकतोय, फोटोआधीच्या पहिल्यालाच फसला हा," मामा म्हणाला आणि त्याने कॅमेऱ्यात काहीतरी बदललं. तेवढ्यात टकळी किंचाळली, "झाकण! झाकण उघडतंय!"

फट्.

पडद्यावर दिसलं ते बघून तिघं एकमेकांना चिकटली. एका पिंपाचं झाकण कलतं झालेलं, आणि आतून दोन लाल डोळे बाहेर डोकावणारे. अगदी घाबरलेले वाटले मला ते. माझ्यासारखेच.

दुसऱ्या दिवशी मामाचं दुकान वेळेवर उघडलं. आणि चिमटी मला घेऊन दुरुस्तीवाल्या काकांच्या घरी गेली. काका उशीला टेकून बसले होते. त्यांनी तिचं सगळं ऐकलं, जावयाकडे एकदा असं बघितलं की ते पाणी आणायला आत पळाले. मग काकांनी लाल टेपचं भेंडोळं तिच्याच हातात दिलं. "आता तू लाव. दोन पदरी."

आता डोळा काढून ठेवला की चिमटी माझ्या पायावर टेप लावतेच. सेलही आठवणीने काढते. मग चकती पूर्णवर नेऊन मला एकदा उडवते, म्हणजे पोट रिकामं होतं.

तर मित्रांनो, एखाद्या जुन्या वस्तूवर कुणी टेप लावलेली दिसली, गाठ मारलेली दिसली, बूच घट्ट बसवलेलं दिसलं, तर उगाच नखं घालू नका. ज्याने लावलं त्याला शोधा आणि विचारा, का हो? एवढंच मागणं आहे माझं.

भीती गेली का म्हणता? छे! अजून वाटते. शिटी वाजायला लागली की वाटतेच. पण चिमटीचा अंगठा माझ्या पायाजवळ आला की आपोआप थबकतो. आता आम्ही दोघं मिळून घाबरतो.