आतून कडी

सुवर्णाला ती गोष्ट कळली व्हिडिओ कॉलवर, आणि तीही कुणी सांगितली म्हणून नव्हे. रुही कॉलेजच्या डॉर्ममध्ये, कॉरिडॉरमध्येच उभी राहून आईशी बोलत होती. केस ओले, खांद्यावर टॉवेल. तेवढ्यात तिच्या मागच्या दारातून एक सहा फुटी मुलगा बाहेर आला. त्याच्याही खांद्यावर टॉवेल, तोंडात ब्रश. रुहीकडे बघून तो मान हलवून निघून गेला. सुवर्णाने विचारलं, हा कुठून आला? रुही म्हणाली, बाथरूममधून. आणि तू? मीपण.

झालं! अल्फारेटातल्या सुवर्णाच्या घरात स्वतःच्या मालकीच्या चार बाथरूम होत्या, आणि पोटची पोर तिकडे ओहायोत मुलांच्या रांगेत उभी राहून दात घासत होती. सुवर्णाने कुकर लावला होता तो तिथेच बंद केला आणि जिना चढून नवऱ्याच्या खोलीत गेली. प्रल्हाद ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. त्याने कानातले हेडफोन काढले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की इकडे असतं तसं, प्रत्येक शॉवरला वेगळं दार असतं, आम्ही नागपूरला होस्टेलमध्ये याहून वाईट दिवस काढले. तुमच्या होस्टेलमध्ये मुली होत्या का, असं सुवर्णाने विचारलं. नव्हत्या. मग तू बोलूच नकोस, म्हणाली. प्रल्हादने हेडफोन पुन्हा कानाला लावले. संसारात हेडफोनचे उपकार थोडेथोडके नसतात.

सुवर्णा बाई मनाची निर्मळ, हाताची सढळ, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत मराठी मंडळातल्या आसावरीला कळलं, शार्लटच्या शैलाला, म्हणजे सुवर्णाच्या धाकट्या बहिणीला कळलं आणि दुसऱ्या दिवशी सांगलीला आईलाही कळलं. सगळ्यांनी आपापल्या परीने अगंबाई केलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, की मुलीला तिथून हलव.

मग रोज फोन सुरू झाले. त्या फोनांतून एक गोष्ट बाहेर आली, ती तर सुवर्णाच्या फारच जिव्हारी लागली. त्या डॉर्ममध्ये म्हणे पद्धतच होती. पहिल्या आठवड्यात मजल्यावरची सगळी मुलं-मुली गोल करून बसतात. मजल्याची देखभाल करणारी सीनियर मुलगी सगळ्यांना डोळे मिटायला सांगते आणि विचारते, बाथरूम मुलामुलींना एकत्र ठेवायची का? ज्याला नको असेल त्याने नुसता हात वर करायचा. एक जरी हात वर झाला तरी बाथरूम वेगवेगळ्या होतात आणि तो हात कुणाचा होता हे कुणालाच कळत नाही. कारण विचारत नाहीत, चर्चा नाही, नाव नाही.

म्हणजे एवढं सोपं होतं. नुसता हात वर करायचा होता!

"मग तू केला नाहीस?" सुवर्णाने विचारलं.

रुही म्हणाली, नाही केला. का, तर असंच.

हे 'असंच' सुवर्णाला रात्रंदिवस टोचायला लागलं. भिडेपोटी गप्प बसली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. आपली पोरं अशीच, चारचौघांत नाही म्हणताना जीभ टाळ्याला चिकटते. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. तेव्हा पोरीला बोलता येत नसेल तर आईने बोललं पाहिजे. तिने हाउसिंग ऑफिसला फोन केला. तिथल्या बाईने गोडीत सांगितलं की फक्त मुलींसाठी असलेल्या इमारतीत एक जागा आहे, पण विद्यार्थिनीने स्वतः समोर येऊन मागितलं पाहिजे, आईने मागून चालत नाही. अठरा वर्षांची झाली ना ती. सुवर्णाने शुक्रवारी सकाळची वेळ घेतली आणि लेकीला सांगितलं की मी येते, आपण दोघी जाऊ, तू फक्त हो म्हण. चार दिवस रुहीने वाद घातला. पाचव्या दिवशी म्हणाली, बरं, तू म्हणतेस तर.

ती नेमकी कॉलेजने पालकांना भेटीला बोलावण्याच्या वीकेंडची वेळ, त्यामुळे गावातली सगळी हॉटेलं भरलेली. रुहीच्या रूममेटने आपला पलंग काकूंना दिला आणि स्वतः मैत्रिणीच्या खोलीत झोपायला गेली. सुवर्णा गुरुवारी दुपारी पोचली. बॅगेत भाकरवडी, मेतकूट, दोन धुतलेल्या चादरी आणि प्लास्टिकचा एक मग, कारण इकडे टॉयलेटमध्ये पाणी नसतं आणि कागदावर तिचा अजून वीस वर्षांत विश्वास बसला नव्हता.

बॅग टेकवली आणि ती तडक बाथरूम बघायला निघाली. रुही म्हणाली, आई, मी येते बरोबर. सुवर्णा म्हणाली, काही गरज नाही.

आत बेसिनपाशी एक मुलगा दाढी करत होता. फोनवरचाच तो. काकूंना बघून त्याने नमस्कारासारखी मान झुकवली, आपलं सामान एका बाजूला सरकवलं आणि पुन्हा आरशात बघायला लागला. सुवर्णाने मात्र शॉवरचं एकेक दार उघडून पाहिलं. दारं जमिनीपर्यंत, वरही फट नाही. आत कपडे बदलायला जागा, बाकडं, खुंट्या, मग शॉवर. कडी चांगली जाडजूड. तिने ती दोन-तीनदा लावली, काढली, दार खडखडवून पाहिलं. काही खोट सापडेना, तसा तिचा राग वाढत चालला. भांडायला यावं आणि समोरच्याने चहा पुढे करावा, तसं झालं तिचं.

खोलीत परत येऊन ती म्हणाली, दारं बरी आहेत. पण दारं बरी असली म्हणून काय झालं? मुलीच्या जातीला स्वतःची अशी काही जागा नको? आडोसा नको? उद्या सकाळी ऑफिसात नीट सांग, मला अवघडल्यासारखं होतं म्हणून.

रुही पलंगावर मांडी घालून बसली होती. भाकरवडीचं पाकीट तिने फोडलं होतं, पण खात नव्हती. ती एरवी आईशी अर्धं इंग्रजीत बोलायची. आता मात्र शब्द शोधून शोधून मराठीत बोलायला लागली, आणि तेव्हाच खरं म्हणजे सुवर्णाने सावध व्हायला हवं होतं.

"आई, मी उद्या हो म्हणेन. तू एवढी लांब आलीस. पण मला अवघडल्यासारखं होत नाही. मी हात वर केला नाही कारण मला ती बाथरूम आवडली. मी आत जाते, कडी लावते, आणि कुणी हाक मारत नाही."

"म्हणजे काय? घरी कोण मारतं हाक?"

"तू."

सुवर्णा हसली. अगं आई हाक मारणार नाही तर कोण मारणार, म्हणाली. रुही हसली नाही. तिने सांगितलं ते असं, की आपल्या घरातल्या माझ्या बाथरूमला कडीच नाहीये. मी चार वर्षांची असताना आत अडकले होते, तेव्हा तू बाबांना लॉक बदलायला लावलंस आणि बिनलॉकचं बसवलंस. ते तसंच आहे. मी आंघोळीला गेले की तू येतेस. धुवायचे कपडे न्यायला येतेस, टॉवेल ठेवायला येतेस, टेस्टचे मार्क विचारायला येतेस. मी पडद्याआड असते आणि तू कमोडवर बसून शैलामावशीचं काय झालं ते सांगतेस. मी म्हटलं होतं एकदा, लॉक लावूया. तू म्हणालीस, आपल्या घरात कुणापासून काय लपवायचंय?

सुवर्णाला आठवलं, आपण असं म्हटलं होतं खरं. त्याचा तिला अभिमानच होता. मंडळातल्या बायकांना ती नेहमी सांगायची, आमच्याकडे दारं लावायची पद्धत नाही, इथल्या लोकांसारखं.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "त्यात काय एवढं? आईच मी तुझी."

रुहीने पाकिटाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"मी बारा वर्षांची होते. मला पहिल्यांदा पाळी आली होती. मी बाथरूममध्ये खाली बसून रडत होते, कारण मला कळत नव्हतं आता काय करायचं. तू दार उघडून आत आलीस. तुझ्या हातात फोन होता. व्हिडिओवर मावशी होती. तू फोन माझ्याकडे वळवलास आणि म्हणालीस, शैला, ही बघ, मोठी झाली आपली पोर."

 तो दिवस सुवर्णालाही आठवत होता, चांगला आठवत होता, फक्त हा असा नव्हता आठवत. तिला आठवत होता तो शिरा. केशर घालून, काजू तळून तिने शिरा केला होता, डोळे भरून आले होते तिचे, सगळ्यांना फोन केले होते, आईला, शैलाला, आसावरीला. लेकीला जवळ घेतलं होतं. इतका आनंद झाला होता तिला त्या दिवशी. आणि लेकीच्या दिवसात शिरा नव्हताच. तिच्या दिवसात फरशी होती आणि वळवलेला फोन होता.

"तू कधी बोलली नाहीस," सुवर्णा म्हणाली.

"कुठे बोलणार होते? तू सगळ्यांना सांगितलं असतंस."

तोंडात मारल्यासारखं झालं सुवर्णाला. रागही आला तिला, का येऊ नये? अठरा वर्षं जिवाचा आटापिटा केला, तापात उशाशी बसले, त्याचं हे फळ. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली हिरवळीवर पोरं चेंडू फेकत होती. रडायचं नाही असं तिने ठरवलं आणि ते काही तिला जमलं नाही. रुही उठून आली, आईच्या पाठीला हात लावून उभी राहिली. पण मी म्हटलं ते खोटं होतं, असं मात्र काही ती म्हणाली नाही. जेवायला दोघी खाली गेल्या आणि फक्त भात कच्चा आहे यावर बोलल्या.

सकाळी सुवर्णा टॉवेल घेऊन आंघोळीला गेली. बेसिनपाशी दोन मुली आणि एक मुलगा होता, कुणी तिच्याकडे मान वर करून पाहिलं नाही. ती आत शिरली आणि कडी लावली. पाणी सोडलं. सवयीने तिचा अर्धा कान दाराकडे होता. सांगलीला सात माणसांत एक मोरी होती, आत गेलं की बाहेरून कुणी ना कुणी ओरडायचंच, आटप लवकर. सासरी सासूबाई दाराबाहेरून विचारायच्या, गॅसवर काय ठेवलंयस. इथे आल्यावर लहानगी रुही दार बडवायची, मग प्रल्हाद विचारायचा, माझा निळा शर्ट कुठेय? पन्नाशीला आलेली बाई, आणि तिला एकही आंघोळ आठवेना जिच्यात मधे कुणाची हाक नव्हती. आता ती हाकेची वाट बघत उभी होती आणि हाक येत नव्हती. पाणी चांगलं कढत होतं. ती बराच वेळ उभी राहिली. आपल्याला कधीच मिळालं नाही, म्हणून हे द्यायचं असतं हेच आपल्याला कळलं नाही, असं तिला वाटलं आणि फार वाईट वाटलं. स्वतःचं वाटलं, लेकीचं वाटलं. पाण्याच्या आवाजात ती मोकळेपणी रडली. कुणी काही विचारलं नाही.

गाऊन घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून ती खोलीशी आली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ढकलायला हात लावला आणि हात थांबला. मग बोटांनी दारावर टकटक केली.

 बहुतेक रुहीला वाटलं असेल दुसरं कुणी आहे.

"कोण?"

"मी आहे. आई."

"एक मिनिट हं, आई."

सुवर्णा कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. ओल्या केसांनी, गाऊनवर, परक्या मुलांच्या येण्या-जाण्यात. काल दाढी करत होता तो मुलगा कालच्यासारखीच मान झुकवून गेला. एक मिनिट फार मोठं असतं. दारापलीकडे पोर काय करतेय हे माहीत नसताना नुसतं उभं राहायला तिला इतकं जड जात होतं, की दोनदा हात दाराकडे गेला. दोन्ही वेळा तिने तो मागे घेतला.

दार उघडलं. रुही तयार होऊन उभी होती, शहाण्यासारखा ड्रेस घातलेला, केस बांधलेले, ऑफिसात जाऊन हो म्हणण्यासाठी. तिने विचारलं, किती वाजता निघायचं?

"तुला जायचंय का?" सुवर्णाने विचारलं.

रुही आईच्या तोंडाकडे बघत राहिली. आजवर हा प्रश्न आला की उत्तरही आईकडूनच यायचं. ते येतंय का, याची तिने वाट पाहिली. आलं नाही.

"नाही," रुही म्हणाली.

"बरं," सुवर्णा म्हणाली, आणि ऑफिसातल्या बाईचा नंबर शोधायला तिने फोन उचलला. फोनवर शैलाचे तीन मिस्ड कॉल होते. काय झालं, हलवलं का रुहीला, असा मेसेजही होता. सुवर्णाने तो वाचला, बाईला फोन लावून आजची वेळ रद्द केली, आणि शैलाला उत्तर न देता फोन पर्समध्ये टाकला.