अर्धं आख्यान

“मुलगा दारात दिसला, की आईला कीर्तनातून उठवायचं. धावत त्याच्याकडे. तिथं कट,” विश्वनाथने दिग्दर्शकाला सांगितलं.

सिल्वासाजवळ अथालच्या मंदिरात मालिकेच्या शेवटच्या भागाचं चित्रण चाललं होतं. सुमनताईंच्या मूळ कादंबरीत मुलगा येतच नाही. आई आरती होईपर्यंत बसते आणि एकटीच घरी जाते. तेवढं बदलू नकोस, एवढी एकच अट घालून ताईंनी त्याला कादंबरी दिली होती. पण जाहिरात देणाऱ्या साबणवाल्यांना रडका शेवट नको होता. मालिका बंद पडण्यापेक्षा मुलगा आलेला बरा. पटकथा विश्वनाथची, निर्माताही तोच. बोल लावायला दुसरं कोणी नव्हतं. ऐंशीच्या दशकापासून तो कादंबऱ्यांच्या मालिका करत आला होता. पहिल्या कादंबरीचा शेवट बदलला, तेव्हा त्याला घास गिळवला नव्हता. आता जेवण जायचं, झोपही लागायची.

ताई नाशिकहून मुद्दाम आल्या होत्या. कडेच्या खुर्चीवरून त्यांनी शॉट पाहिला. वनात हरवलेल्या पोराचं आख्यान अर्ध्यावर आलं, मुलगा दारात दिसला, आई उठून धावली आणि कट.

दिवे मालवले. श्रोते म्हणून कारखान्यांतली खानदेशी मंडळी बसवली होती. व्यवस्था बघणारा नवनाथ जेवायला चला म्हणून मराठीत, हिंदीत, गुजरातीत ओरडून दमला. पण एकही माणूस जागचा हलेना. शेवटी विश्वनाथ त्यांच्यातल्या पुढच्या रांगेतल्या वयस्कर कमळाबाईंजवळ गेला.

“काम झालं, काकी. उठा आता.”

“तुमचं काम झालं आसंल, भाऊ. आख्यान कुठं झालं? पोरगं आजून जंगलातच शे.”

“ते नाटकातलं कीर्तन होतं.”

“देव तर खरा शे ना?” आणि मग हळूच, “ती तुमची बाई उठली कशी, तेच कळंना मला.”

आख्यान लावलं की तडीस न्यायचं, हा कीर्तनाचा धर्म. देवाच्या दारी गोष्ट अर्धी टाकून कोणी उठत नाही. विश्वनाथला हे कोणी सांगायला नको होतं. कीर्तनकार वडिलांच्या मागे झांज धरूनच तो लहानाचा मोठा झाला होता. बुवा झालेल्या नटाला पुढचं काही येत नव्हतं. विश्वनाथने त्याच्या हातून चिपळ्या घेतल्या, चपला काढल्या आणि पँटवरच उभा राहिला.

वनातलं पोर त्याने घरी आणलं. आईने त्याला पोटाशी धरलं. याच जागी वडिलांचा कंठ दरवेळी दाटून यायचा. विश्वनाथचा एक शब्द अडला नाही. आवाजही हलला नाही. समोर कमळाबाई डोळे पुसत होत्या.

आरती झाली. कमळाबाई रीतीप्रमाणे त्याच्या पाया पडल्या. त्याला मागे सरायचं होतं, मागे भिंत होती. त्यांनी त्याच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, मग आणखी एक.

“हा त्या ताईंचा.”

त्याने वळून पाहिलं. नवनाथ ताईंची खुर्ची मिटून टेम्पोत चढवत होता. रस्त्यावर ताईंच्या मोटारीची धूळ तेवढी होती.

बाहेरच्या पुढच्या शॉटसाठी हाक आली. आपला तुकडा त्याने तोंडात टाकला आणि ताईंचा मुठीत धरून तो कॅमेऱ्याकडे गेला.