गावानं घातलेली मागणी

वाटूर फाट्यापासून दोन कोस आतल्या त्या गावात मास्तर टिकत नसे. येणारा फाट्यावरून पायी यायचा, परतीची एसटी चुकेल म्हणून शाळा लवकर सोडायचा आणि वर्षाच्या आत बदली करून घ्यायचा. सत्यशीलाबाई मात्र आल्या त्या गावातच खोली करून राहिल्या. पोरं धडाधडा वाचायला लागली आणि गावाला बाईंची सवय झाली. म्हणूनच पंच्याण्णव साली त्यांची जालन्याला बदली झाली, तेव्हा गावाच्या तोंडचं पाणी पळालं.

जालन्यात आई एकटी पडली म्हणून बदली बाईंनीच मागितली होती. पण ती मिळाल्यावर मनात पहिला आला साहेबराव. तो विहिरींवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. शाळेचं दार निखळलं की हा बोलावण्याआधी हजर, आणि काम संपलं तरी घुटमळत उभा. बाईंचा जीव त्याच्यात गुंतला होता. तो एकदा तरी बोलेल, म्हणून त्या वाट पाहत होत्या.

तो बोलला, पण केव्हा? सरपंच कडूबा नानांनी बैठक घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी. बैठकीत ठरलं, बाईंना गावची सून करून घ्यायची; मग जातील कशाला? साहेबराव बाईंच्याच समाजातला, बिनलग्नाचा. चार म्हाताऱ्यांनी बाईंच्या दारात त्याला पुढं घातलं आणि आपण मागं उभे राहिले.

“बाई, माझ्याशी लगीन करता का?” त्यानं मान खाली घालून विचारलं.

“हे तुम्ही विचारताय, का गाव?”

साहेबरावानं मागं पाहिलं. नाना उगाच खोकले. बाईंना इतका राग आला की डोळे भरले. शाळा चालावी म्हणून कुणी बायको करतं का?

“मग मी उद्याच निघते,” त्या म्हणाल्या.

सकाळी रुसलेल्या गावातलं कुणी ट्रंक उचलायला आलं नाही. साहेबराव आला. त्यानं ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली. वेशीत नाना आडवे आले.

“आरं, तुला थांबवायला सांगितलं अन् तूच पोचवून राह्यला व्हय?”

“जाऊ द्या नाना. त्यांची आई वाट पाहून राह्यली.”

तो सायकल ढकलत, बाई शेजारून, अशी दोघं फाट्यापर्यंत चालत आली. लांबून एसटी दिसली तेव्हा तो थांबला. या वेळी मान वर होती.

“काल गावच इचारत होतं, बाई. तुमचं बराबर होतं. आता गावाला काई मिळायचं न्हाई, म्हणून मी इचारतो. एमआयडीसीत मोटारी भरायचं काम भेटंल. तुमच्या मागं जालन्याला आलो तर चालंल का?”

दोन कोस दाबून धरलेलं रडू बाईंना आवरेना, आणि त्यातच हसूही फुटलं.

“मागून कशाला?” पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या. “सायकल टपावर चढवा. आईला आजच जावई दाखवते.”